आमची वाटचाल: साठ्याचा आकडा एकच

ऑनलाइन दुकानं, गोदामं आणि कुरिअर कंपन्या यांना एकमेकांशी जोडून देणं हा आमचा व्यवसाय. सुरुवात वेबसाइट बनवण्यापासून झाली. दुकान देखणं व्हायचं, ऑर्डरी यायच्या आणि गोदामातला माणूस त्या एक्सेलमध्ये उतरवत बसायचा. तोवर तोच माल दुसऱ्या मार्केटप्लेसवर विकला गेलेला असायचा. पैसे घेऊन मग ग्राहकाला ‘माल संपला’ म्हणून सांगावं लागणं, व्यापारात याहून लाजिरवाणं काही नाही असं मी मानतो. म्हणून वेबसाइटचं काम मागे ठेवून आम्ही साठ्याच्या आकड्याला हात घातला.

फळीवरचा साठा वेगळा आणि विकता येण्याजोगा साठा वेगळा. ऑर्डर येताच तेवढा माल राखून ठेवायचा, ती रद्द झाली किंवा पेमेंट अडकलं तर मोकळा करायचा आणि उरलेला आकडा सगळ्या दुकानांना एकाच ठिकाणाहून पुरवायचा. परत आलेला माल तपासणी होईपर्यंत विक्रीत धरायचा नाही. नेटवर्कच्या गडबडीत एकच संदेश दोनदा आला तरी साठा दोनदा घटू नये, म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमची सर्वाधिक मेहनत इथेच जाते.

वाहतुकीच्या बिलाने आणखी एक दार उघडलं. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोंमधलं वजन धरतात. हे वजन प्रत्यक्ष किलोंपेक्षा जास्त भरलं तर आकारणी त्यावर. ४० × ३० × २० च्या खोक्यात १ किलोची वस्तू घातली की बिल ४.८ किलोचं! आता माल गोदामात येतानाच त्याची मापं नोंदवली जातात आणि कोणतं खोकं घ्यायचं हे पॅकिंग करणाऱ्याला स्क्रीनवरच दिसतं.

पार्सल कुठवर पोहोचलं हे सांगणारे कुरिअरगणिक वेगवेगळे ‘स्टेटस’ एका भाषेत आणण्याचं कामही झालं. खरेदीचं अजून चालू आहे. रोज २० नग विकले जातात, माल यायला ७ दिवस लागतात आणि ४० नग राखीव हवेत, तर साठा १८० वर येताच नवी ऑर्डर द्यायची. हिशेब सोपा, पण ते ७ दिवस पुरवठादाराच्या तोंडचे असतात. खरी मुदत खरेदी ऑर्डर आणि आवक यांच्या तारखांतून निघते. सध्या आम्ही ती पुरवठादारागणिक मोजून १८० चा आकडा आपोआप बदलता ठेवतो आहोत.