सत्यनारायणाची कॅसेट

आमची वर्तकनगरची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळा रिकामा करताना एक व्हीएचएस कॅसेट सापडली. लेबलवर निळ्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘सत्यनारायण, एडिसन, १९९५’. बायको म्हणाली, "मामांकडची पूजा का? पेन ड्राइव्हवर करून घे की, आईंना दाखवू." मी ती तिच्या हातातून जरा जास्तच घाईनं घेतली.

स्टेशनजवळ एक स्टुडिओवाला अजून हे काम करतो. त्यानं कॅसेटचं झाकण उघडून उजेडात धरलं. "बुरशी आलीय. साफ करून बघतो. पूजा आहे ना? माझ्याकडे सगळ्या पूजा नाहीतर मुंजीच येतात." मी हो म्हणालो. नववीत असताना हेच खोटं आईला सांगितलं होतं, चाळिशी उलटल्यावर त्याला सांगितलं.

कॅसेटमध्ये कुस्ती होती. ईसीडब्ल्यू, म्हणजे एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग. फिलाडेल्फियाची ही कंपनी १९९२ मध्ये टॉड गॉर्डन नावाच्या दागिन्यांच्या व्यापाऱ्यानं काढली आणि २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. माझ्या मामेभावानं न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून मध्यरात्रीनंतरचे तिचे कार्यक्रम टेप केले आणि १९९८ च्या डिसेंबरात ठाण्याला येताना ही एक कॅसेट बॅगेत, साड्यांच्या खाली घालून आणली. लेबल बघून आम्ही त्याच्या डोक्याला मानलं. सत्यनारायण लिहिलेली कॅसेट कोण कशाला लावून बघेल? अमेरिकेत वाढलेल्या पोराचं मराठी अक्षर इतकं सुबक कसं, हा प्रश्न मात्र त्या वयात पडला नाही.

बघायची सोय खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे होती. त्याच्या वडिलांनी मस्कतहून आणलेला व्हीसीआर अमेरिकन कॅसेटही चालवायचा. टीव्ही मात्र आपल्या पद्धतीचा आणि म्हातारा. त्यामुळे चित्र कृष्णधवल दिसायचं आणि वरून खाली गिरक्या घेत पळायचं. टीव्हीच्या मागे एक बटण होतं, ते अगदी केसभर फिरवून धरलं की चित्र थांबायचं. मित्राचा धाकटा भाऊ ते बटण धरून बसायचा. त्याला पडदा दिसायचा नाही. आम्ही त्याला तोंडी सांगायचो काय चाललंय ते, आणि काही गोष्टी सांगायचो नाही.

तोवर आमची कुस्ती म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. उंची, वजन, छाती, दंड, रँक. त्या कंपनीत नव्वदच्या दशकाच्या मध्याला एक कचरेवाला मल्ल होता, एक इन्कम टॅक्सवाला होता. लहान मुलांना कळावं म्हणून प्रत्येकाच्या कपाळावर त्याचा धंदा लिहिलेला. आणि आमच्या या कॅसेटवर सँडमॅन नावाचा माणूस सिगरेट ओढत प्रेक्षकांमधून चालत येत होता, हातात वेताची छडी. वाटेत लोक त्याला बिअर पाजतायत, तो डबा स्वतःच्याच कपाळावर आपटतोय, आपटतोय, शेवटी कपाळ फुटतं. सामना अजून सुरूच व्हायचा असतो! आमच्या टीव्हीवर ते रक्त काळं दिसायचं, शाई सांडल्यासारखं.

आणि मग तो दीड मिनिटांचा तुकडा. १९९६ चा. टॉमी ड्रीमर नावाच्या नायकाची मैत्रीण ब्यूला, हिचं बाहेर प्रकरण आहे असं सगळ्यांसमोर उघड होतं. कोणाशी? तर किमोना नावाच्या दुसऱ्या बाईशी. दोघी तिथेच, रिंगमध्ये एकमेकींचं चुंबन घेतात. आता नायक कोसळणार असं आपल्याला वाटतं, तर तो शांतपणे सांगतो की मला दोघीही चालतील, मी हार्डकोर आहे. हॉल अक्षरशः फुटला. आम्ही तो तुकडा किती वेळा मागे नेला याचा पुरावाच आता हाती आलाय: पेन ड्राइव्हवर अख्खी कॅसेट साफ आहे आणि तेवढ्याच दीड मिनिटात पडद्यावर मुंग्या आहेत.

एका दुपारी आजोबा आले. कराडकडचे, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून फार लांब नाही आमचं गाव. १९५२ च्या हेलसिंकीच्या पदकाबद्दल ते असं बोलायचे जणू काही स्वतः वजन करायला उभे होते. आम्ही बंद करायला उठलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. कुस्ती म्हनं?" आणि बसले. एक डाव झाला, दुसरा झाला. सबू खुर्चीवर पाय देऊन दोराबाहेर झेपावला आणि टेबलासकट मोडला. "ही कुस्ती न्हाई," आजोबा म्हणाले, "पन पडायला शिकलंय पोरगं." मग बायकांचा तो तुकडा आला. मित्राचा भाऊ बटण सोडून पळाला, चित्र गिरक्या घ्यायला लागलं. आजोबा हसायला लागले. "आमीबी जत्रंत तमाशाला असंच जायचो. घरी म्हनायचं, देवाला जाऊन येतो."

वर्षानुवर्षं ईसीडब्ल्यूचं वेड मला का लागलं हे मी स्वतःला समजावत होतो, आणि उत्तर आजोबांनी त्या दुपारीच देऊन टाकलं होतं. मला कळायला वेळ लागला.

तमाशाला लोक येतात कशासाठी, तर लावणीसाठी, बतावणीतल्या चावट बोलण्यासाठी. आजोबांच्या वेळचे रात्रभर बसायचे ते मात्र वगासाठी. नुसती लावणी असती तर शिट्टी मारून अर्धे लोक मधेच उठले असते. पॉल हेमन हा माणूस १९९३ मध्ये ईसीडब्ल्यूच्या कथा रचायला आला आणि त्याला हे बरोबर कळलेलं होतं. बाई, रक्त, शिवी या गोष्टी त्यानं दारावर लावल्या. आत वग होता.

ड्रीमरचंच घ्या. हा आधी देखणा, खांद्यावरून पट्टे घेतलेली पँट घालणारा, सद्गुणी पोरगा म्हणून आला आणि फिलाडेल्फियाच्या लोकांनी त्याला हुसकावायचंच बाकी ठेवलं. १९९४ मध्ये सँडमॅनशी हरला, आणि ठरल्याप्रमाणे त्याला छडीचे दहा फटके खायचे होते. पाठीवर वळ उठले. प्रत्येक फटक्यानंतर तो आणखी मागत राहिला. त्या रात्री लोकांनी त्याला घरात घेतलं. पुढे जानेवारी १९९५ मध्ये रेवन आला, ड्रीमरचा लहानपणीच्या सुट्टीतल्या शिबिरातला वैरी, मग त्याच शिबिरातली ब्यूला. आणि ड्रीमर रेवनला हरवतो कधी? जून १९९७ मध्ये. अडीच वर्षं! आपल्याकडच्या मालिका ताणतात त्या वेगळ्या. इथे दर वेळी तो हरायचा आणि दर वेळी हरण्याचं कारण नवं असायचं. दीड मिनिटाच्या चुंबनासाठी आलेला माणूस अडीच वर्षं त्या हिशेबाची वाट बघत बसला.

आणि ही माणसं कुठे बसायची, तर दक्षिण फिलाडेल्फियात, हायवेच्या पुलाखालच्या एका बिंगो हॉलमध्ये. म्हणजे आपल्या माजिवड्याच्या पुलाखाली हौजीचा हॉल असावा, एरवी तिथे काकवा आकडे कापत असाव्यात आणि शनिवारी काटेरी तार यावी. पुढच्या रांगेतले चेहरे तेच ते, टोपीवाला एक जण तर आम्हाला मल्लांइतकाच ओळखीचा झाला होता. हे प्रेक्षक घरून तवे, काठ्या, काय वाट्टेल ते घेऊन यायचे आणि मल्लांच्या हातात द्यायचे. एकदा टेरी फंकनं खुर्ची मागितली तर हॉलभरातून खुर्च्यांचा पाऊस पडला, रिंगमधले दोघे त्याखाली गाडले गेले. तमाशात दौलतजादा नोटांची असते, यांची खुर्च्यांची.

लोकांना माहीत नव्हतं का की निकाल ठरलेला असतो? पुरतं माहीत होतं. बाकीच्या कंपन्या तेव्हा हे माहीत नसल्याचं नाटक प्रेक्षकांकडून करून घेत होत्या. ईसीडब्ल्यूनं ते सोडून दिलं. ‘फक्त प्रौढांसाठी’ या शब्दांचा खरा अर्थ मला तिथे कळतो. एडी गरेरो आणि डीन मालेन्को ऑगस्ट १९९५ मध्ये शेवटचं लढले, दोघं दुसऱ्या मोठ्या कंपनीत चालले होते. ना बाई, ना रक्त, नुसते डाव आणि पकडी. तेच बिअर पिऊन बोंबलणारे लोक उभे राहून ‘जाऊ नका’ म्हणत होते, काही जण रडत होते. चावटपणा बघायला आलेली माणसं अशी रडत नसतात. ती आपल्या फडातला माणूस चालला म्हणून रडतात.

आता न आवडणारं. ब्यूलाला मी बराच काळ त्या दीड मिनिटाचीच समजत होतो. पुढे नेटवर सप्टेंबर १९९७ मधली तिची बिल अल्फॉन्सोशी झालेली लढत पाहिली. शिट्टी वाजवत फिरणारा किडमिडीत मॅनेजर आणि ही. तो रक्तबंबाळ, ती मागे हटत नाही, आणि दोन बायका भिडल्या की केकाटून मजा घेणारा समालोचक जोई स्टाइल्स त्या दिवशी तिचं वर्णन मल्लासारखं करतोय. छान आहे ते. पण तिथवर पोचायला तिला कितीदा आपटून घ्यावं लागलं, आणि तोच हॉल बायकांना उद्देशून एका सुरात काय काय ओरडायचा, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी हे तेव्हा ऐकत होतोच. हसत होतो.

रक्ताचंही तसंच. नोव्हेंबर १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हिअर गावी एका न आलेल्या मल्लाच्या जागी वय खोटं सांगून आलेला सतरा वर्षांचा पोरगा रिंगमध्ये उतरवला गेला. न्यू जॅक नावाच्या मल्लानं त्याच्या कपाळावर पातं इतकं खोल फिरवलं की पोर मरता मरता वाचलं. बाप ओरडत होता. लोक टाळ्या देत होते. निष्ठा, निष्ठा म्हणून आपण जिचं कौतुक करतो तीच ही. तिला थांबायचं कुठे ते कळत नव्हतं. फक्त एकदा कळलं. त्याच्या महिनाभर आधी, बिंगो हॉलमध्येच, रेवनच्या टोळीनं सँडमॅनला लाकडी क्रूसावर बांधलं. सगळं पचवलेला तो हॉल गप्प झाला. अटलांटा ऑलिम्पिकचं कुस्तीतलं सुवर्णपदक नुकतंच मिळालेला कर्ट अँगल पाहुणा म्हणून आला होता, तो भडकला आणि आपला चेहरा या कार्यक्रमात दिसला तर कोर्टात जाईन म्हणाला. रेवनला बाहेर येऊन माफी मागावी लागली. यांनाही देव्हारा होता तर!

रिव्हिअरच्या प्रकरणामुळे त्यांचा पैसे भरून बघायचा पहिला कार्यक्रम रद्द झाला, मग पुन्हा मिळाला. १३ एप्रिल १९९७. बावन्न वर्षांच्या टेरी फंकनं अजिंक्यपद जिंकलं, प्रक्षेपण संपलं आणि पुढच्याच क्षणी हॉलची वीज गेली. वर्तकनगरच्या आम्हा पोरांना यात नवल वाटलं नाही.

शेवट लवकर सांगून टाकतो, कारण तो कंटाळवाणा आहे, पैशाचा आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये टीएनएन या देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर त्यांना जागा मिळाली. तिथे चावटपणाला कात्री लागली. आणि तोवर बड्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं तोच मसाला, मोठ्या दिव्यांखाली, घरोघरी पोचवला होता. जे बघायला घरी खोटं सांगावं लागायचं ते संध्याकाळी जेवताना दिसायला लागलं. दारावरची लावणी चोरीला गेली, वग लिहिणारी माणसं पगार थकल्यामुळे एकेक करून निघाली. ऑक्टोबर २००० मध्ये वाहिनीनं काढून टाकलं, जानेवारी २००१ मध्ये आर्कान्सामधल्या पाइन ब्लफला शेवटचा खेळ झाला. २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं, म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफनंच, ईसीडब्ल्यू याच नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो २०१० पर्यंत चालला. मी दोन-तीन भाग पाहिले. त्यात कपाळ फोडून घेणारा सँडमॅनही होता, पण तो मला त्याच्याच श्राद्धाला जेवायला आल्यासारखा वाटला.

गेल्या शनिवारी स्टुडिओवाल्याचा फोन आला. पेन ड्राइव्ह देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "पूजा शेवटी आहे. सात मिनिटं. आधीचं मी काही बघितलं नाही." मला वाटलं टोमणा मारतोय.

घरी लावलं. सगळं रंगीत. पहिल्यांदा रक्त लाल दिसलं, आणि खरं सांगतो, काळंच बरं होतं. दोन तास गेले, जोई स्टाइल्स एक वाक्य अर्धवट ओरडला आणि एकदम आरती सुरू झाली. एडिसनचा तो छोटा फ्लॅट. मामा पितांबरात. छतावरच्या धुराच्या अलार्मला, कापरामुळे वाजू नये म्हणून, प्लास्टिकची पिशवी रबरबँड लावून बांधलेली. मामी तरुण, केसात खोटा गजरा, हातात शिऱ्याचं ताट. कोपऱ्यात मामेभाऊ, घड्याळाकडे बघतोय. आम्ही दर वेळी तो तुकडा बघून कॅसेट मागे न्यायचो, शेवटपर्यंत कधी गेलोच नव्हतो. लेबल मामीचं होतं.

सात मिनिटं कापून मामीला व्हॉट्सअॅपवर पाठवली. लगेच उत्तर आलं: "अरे! ही कॅसेट मी तीस वर्षं शोधतेय. तुझ्याकडे कशी? आणि बाकीची पूजा कुठंय?"

तिला माझ्या दोन निळ्या खुणा दिसतायत. मामेभाऊ फोन उचलत नाहीये.