आधी पुरावा, मग ब्लॉक

कोणी घाणेरडे मेसेज पाठवायला लागलं की पहिला हात ब्लॉककडे जातो. साहजिक आहे, पण घाई नडते. नुसत्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतं ते नाव आणि फोटो, आणि दोन्ही मिनिटात बदलता येतात. म्हणून प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, त्रासदायक पोस्टची लिंक वेगळी घ्या, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर आधी ‘एक्सपोर्ट चॅट’ करून स्वतःलाच मेल करा. रिपोर्ट आणि ब्लॉक एकदम करताना चॅट फोनवरून पुसलं जाऊ शकतं. मूळ मेसेज तर डिलीट करूच नका, पोलीस फोनच मागतात.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. 1930 हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. बाईचा ऑनलाइन पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे; पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर ‘स्टॉपएनसीआयआय’ (StopNCII) ही असे फोटो पसरणं रोखणारी वेबसाइट वापरा. फोटो तुमच्या फोनवरच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटोवरून बनवलेला ओळख-कोड, सहभागी सोशल मीडिया कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो त्यांना ओळखून रोखता येतो. मात्र फोटो एडिट केला तर ठसा जुळेलच असं नाही. ही सोय प्रौढांसाठी आहे. अल्पवयीनांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ ही सोय आहे.

आणि धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका. पुढची मागणी येतेच.