आमची वाटचाल – तंगूस-गळांच्या दुकानापासून हलक्या स्पूलपर्यंत

चिपळूणच्या बाजारपेठेत वडिलांनी दुकान सुरू केलं तेव्हा जाळ्याचं सूत, तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि गळ एवढाच माल असायचा. गिऱ्हाईक म्हणजे वाशिष्ठी नदीवर नाहीतर दाभोळ खाडीत गरवायला (गळाने मासे धरायला) जाणारी आपली माणसं. मी गल्ल्यावर बसायला लागलो तोवर मुंबई-पुण्याकडची लुअरवाली (लुअर म्हणजे नकली आमिष) पोरं यायला लागली होती, त्यांना जिताड्यासाठी स्पिनिंग रील आणि 20-30 ग्रॅमची लुअर हवी असायची, आम्ही ती ठेवायला लागलो आणि दुकान वाढलं ते त्याच्यावरच.

पण एक तक्रार सारखी यायची. पाऊस सरला की खाडीचं पाणी निवळतं, मासा जवळ्यावर आणि बारीक करंदीवर असतो, तेव्हा एवढ्या मोठ्या लुअरकडे ढुंकून बघत नाही. 3 ग्रॅमचं जिगहेड (शिसं लावलेला गळ) आणि रबराची छोटी कोळंबी टाकली तर लगेच येतो. स्पिनिंगवर ते टाकता येतं हो, पण तिवरांच्या मुळांखाली हातभर जागेत नेमकं घालायचं तर स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या फिरत्या चाकावर, अंगठा ठेवून शेवटच्या क्षणी थांबवता येणारी बेटकास्टिंग रील जास्त कामाची. आणि नेहमीच्या बेटकास्टरवर 3 ग्रॅम टाकायला जावं तर लुअर समोरच पाण्यात पडतं आणि स्पूलवर हा एवढा गुंता.

यावर जपानमध्ये आधीच काम झालेलं होतं. तिकडच्या तळ्यांवर बास मासा पकडणाऱ्यांची इतकी गर्दी की मासा लुअर ओळखून दूर राहतो, म्हणून लोक बारीक लुअरकडे वळले आणि त्यातून बेट फिनेस सिस्टिम, म्हणजे आपण बीएफएस म्हणतो तो बेटकास्टिंग रीलवर अगदी हलकं लुअर फेकण्याचा प्रकार आला. शिमानोची अल्देबारन बीएफएस 2012 ची, कलकत्ता कॉन्क्वेस्ट बीएफएस 2017 ची, दायवाची अल्फास एअर टीडब्ल्यू 2020 ची. मला मात्र या नव्या रीलींपेक्षा तिकडच्या ट्राउटवाल्यांची एक गोष्ट जास्त भावली, अबू गार्सियाची अँबेसडर 2500सी ही जुनी गोल रील घ्यायची आणि तिच्यात अवेल कंपनीचा उथळ हलका स्पूल बसवायचा, बस. बॉडी तीच, गिअर तेच, बदलला तो फक्त स्पूल. तेव्हापासून दुकानात आम्ही हेच सांगतो, आधी स्पूल बघा मग रील.

कारण साधं आहे. फेकताना स्पूलला फिरवणारं दुसरं कुणी नसतं, लुअरच ओढून फिरवतं. 3 ग्रॅमच्या लुअरला 18 ग्रॅमचा स्पूल फिरवायचा म्हणजे त्याची सगळी ताकद तिथेच संपते, आणि एकदा का स्पूल वेगात आला की हलकं लुअर हवेत लगेच मंदावतं पण जड स्पूल फिरतच राहतो, गुंता होतो तो इथे. नेहमीचे स्पूल 15 ते 20 ग्रॅम भरतात, बीएफएसचे साधारण 6 ते 10. व्यासही बघा, कारण फिरणाऱ्या वस्तूत अंतराचा वर्ग मोजला जातो, कडेचं तेवढंच वजन 28 मिमीऐवजी 34 मिमी व्यासावर असेल तर फिरवायला जवळपास दीडपट जड पडतं.

आणि लाईन! लोक स्पूलचा अर्धा ग्रॅम वाचवायला हजारो रुपये घालवतात आणि त्याच्यावर काठोकाठ लाईन भरतात. 8 पाउंड ताकदीची फ्लुरोकार्बन लाईन 100 मीटर भरली तर ती एकटीच साडेसात ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे स्पूलएवढी, आणि तीही सगळ्यात बाहेरच्या कडेला. 45-50 मीटर भरली की वजन निम्मं. पीई म्हणजे वेणीची लाईन, 0.8 नंबरची, 100 मीटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच भरते, पण ती पाणी धरते आणि सैल भरली तर स्वतःच्याच थरात रुतते, म्हणून आम्ही ओल्या फडक्यातून ताणून भरून देतो. खाडीत कालवांवर घासते म्हणून पुढे फ्लुरोचा लीडर (टोकाला जोडलेला तुकडा) पाहिजेच.

22 जुलै 2021 च्या पुरात दुकान पाण्याखाली गेलं. रील, बेअरिंग, खोकी सगळं चिखलात. जेवढ्या रील हाताला लागल्या तेवढ्या घरी आणून खोलल्या, धुतल्या, बेअरिंग पेट्रोलमध्ये हलवून वाळवली, घरातली सगळी माणसं या कामाला लागली होती, बऱ्याच वाचल्या नाहीत. पण टेबलावर इतक्या रील एकदम उघड्या पडल्यामुळे कुठल्या रीलचा स्पूल मोकळा फिरतो, कुठल्याचा शाफ्ट (दांडा) पिनियन गिअरमध्ये घासतो ते हाताला कळायला लागलं आणि दुकानात सर्व्हिसचं टेबल आलं ते तिथून. आज निम्मं काम तेच आहे, स्पूल बदलणं, बेअरिंग धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब घालणं (जाड ग्रीस घातलं की हलक्या स्पूलचा उपयोगच संपला), स्पूल आवरणारा ब्रेक सेट करून देणं. मॅग्नेटिक (चुंबकाचा) ब्रेक वेगाच्या प्रमाणात धरतो, सेंट्रीफ्यूगल (फिरताना बाहेर सरकणाऱ्या वजनांचा) वेगाच्या वर्गात, त्यामुळे हलक्या लुअरने हळू फिरणाऱ्या स्पूलला मॅग्नेटिकच जास्त नीट आवरतो असं माझं मत.

चायनीज बीएफएस रील आल्या आणि पोरांच्या खिशाला परवडायला लागलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्यातल्या काहींचे स्पूल खरंच हलके असतात, काहींवर मात्र नुसतं बीएफएस छापलेलं असतं, म्हणून काउंटरवर सोनाराचा काटा ठेवलाय, स्पूल काढून गिऱ्हाईकासमोर तोलतो. रील विकायची म्हणून काहीही गळ्यात मारत नाही. कुणी 1 ग्रॅमच्या लुअरने लांब फेकायचं म्हणाला तर त्याला स्पिनिंगच देतो, वाऱ्यातही तेच बरं. आणि मोठ्या महाशीरसाठी धारेत 50 मीटर लाईनचा, भोकं पाडलेला नाजूक स्पूल घेऊन जाऊ नका, एकाच धावेत लाईन संपते आणि मासा तोंडात गळ घेऊन तुटून जातो, ते त्याच्यावर अन्यायाचं आहे.

खाडीवाल्यांनी मॅग्नेशियम बॉडी टाळावी, खाऱ्या पाण्याने रंग उडाला की खालून खात जाते. अॅल्युमिनियम घ्या, आल्यावर गोड्या पाण्याचा हलका फवारा, बुडवायचं नाही. आणि रील बघायला याल तेव्हा रॉड आणि नेहमीची दोन-तीन लुअर सोबत आणा, 10 ग्रॅमच्या लुअरसाठीच्या रॉडचं टोक 3 ग्रॅमला वाकतच नाही, मग स्पूल कितीही हलका घेतलात तरी लुअर जायचं नाही.