पेपर माझा होता

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय, गोष्ट खरं तर एवढीशी आहे.

सकाळी दादरला शेवळं आणायला गेले, ती पावसाळी रानभाजी. शहापूरकडच्या त्या मावशी, दर जूनला त्यांच्याकडूनच घेते. आज बघितलं तर सुट्टे पैसे एका लाल टोपीत ठेवलेले. मी उगाच विचारलं, शेतकरी मोर्चाची का मावशी? तर म्हणाल्या, "व्हय, चालत आल्तो ना आमी, तवाची." मग जुड्या बांधता बांधता सुरू झाल्या. सोमय्या मैदानावर पोचलो तेव्हा पाय टेकवत नव्हता, तिथंच झोपणार होतो, पण "सकाळी पोरांची धाव्वीची परीक्षा व्हती म्हनं, मंग रातीच उठून निंगालो."

आणि मी काय म्हणाले? "हो का."

हो का!! अगं पेपर तुझा होता ना बाई. 12 मार्च 2018. ती तीस-चाळीस हजार माणसं नाशिकहून सहा दिवस चालून आलेली, पावलांची सालटं निघालेली, आणि मला सेंटरवर पोचायला ट्रॅफिक लागू नये म्हणून ते मध्यरात्री उठून आझाद मैदानाकडे चालत सुटले, आणि मी रोडपासून दोन गल्ल्या आत एसी लावून घोरत होते. पप्पांनी आदल्या दिवशी मोर्चाला शिव्या घातलेल्या, उद्या पोरीचं कसं होणार म्हणून. आई मात्र रात्री बाटल्या भरून खाली गेली होती, बिल्डिंगमधले बरेच जण होते, एरवी पार्किंगवरून भांडणारे पण, कोणी बिस्किटं, कोणी चपला. मला उठवलं नाही, पेपर होता ना. आईचं आत्ता नको.

म्हणजे सगळ्यांनी मिळून माझी झोप सांभाळली आणि मला त्याचा पत्ताच नाही. आपण मोठ्या गोष्टीच्या बाजूने नुसते झोपून जातो, माझं नेहमी असंच होतं. बरं, त्या पेपरात काही दिवे पण लावले नाहीत. निदान नव्वद टक्के तरी पडायला हवे होते, त्या पायांची लाज म्हणून.

पण सांगितलं का नाही मी? थँक्यू म्हणायचं तर कुठल्या तोंडाने. तेव्हा सरकारने लेखी दिलेलं की वनहक्काचे, म्हणजे कसतात ती जंगलजमीन नावावर करायचे, दावे सहा महिन्यांत निकाली काढू, आणि 2023 ला ह्या मावशी परत वाशिंदपर्यंत चालत. कसतात दोन एकर, पट्टा मिळालाय दहा गुंठ्यांचा. कायदा 2006 चा आहे, मी तेव्हा बालवाडीत असेन. तरी काय खुशीत सांगत होत्या, "दोघांच्या नावावर हाय, माजं पन नाव हाय त्याच्यावर." आणि मी इथे शिकलेली वगैरे, माझं नाव लाईटबिलावर सुद्धा नाही, स्विगीच्या पार्सलवर तेवढं असतं. हसूच आलं मला मग.

आता सांगायचं तर पुढच्या रविवारी, पण पुढच्या रविवारी शेवळं असतील का, सीझन संपत आलाय. आणि सांगून त्या काय म्हणणार, "हो का."

निघताना मूठभर काकडं, शेवळात घालायची ती आंबट फळं, जास्तीची टाकली पिशवीत, घाल सगळी नायतर घसा खाजल. मी निम्मीच घातली. जेवताना पप्पा म्हणाले, भाजी खवखवतेय.