२५ जूनच्या आधीचा कोरिया

सोलहून उत्तर कोरियाच्या सीमेकडे निघालेल्या बसमधले सगळे पासपोर्ट तपासून झाले आणि गाइडबाईंनी माइक हातात घेतला. २५ जून १९५०, रविवारची पहाट, उत्तरेच्या फौजा सीमा ओलांडून आल्या, असं त्यांनी सुरू केलं. तारीख अर्थातच बरोबर आहे. उत्तरेचा नेता किम इल-सुंगनं हल्ला केला, तोही स्टालिनची परवानगी आणि माओची संमती घेऊन. त्यात शंका नाही. पण सीमेजवळच्या डोरा टेकडीवर दुर्बिणीला डोळा लावून मी समोरचं केसाँग बघत होतो, तेव्हा त्याच बाई सहज म्हणाल्या, "युद्धाआधी हे शहर आमच्याकडे होतं." आज ते उत्तर कोरियात आहे. म्हणजे आपण जिला सीमा म्हणतो ती १९५३ च्या युद्धविरामाची रेषा. मूळची रेषा वेगळी होती, ३८ व्या अक्षांशाची, आणि ती आखताना एकाही कोरियन माणसाला विचारलेलं नव्हतं.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण येण्याच्या बेतात होता आणि सोव्हिएत फौजा कोरियात उतरत होत्या. वॉशिंग्टनमध्ये रात्री उशिरा डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं की अमेरिकेनं कुठवरचा भाग ताब्यात घ्यायचा ते ठरवा. त्यांच्यापुढे नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा होता. सोल आपल्याकडे राहावं म्हणून त्यांनी ३८ वा अक्षांश सुचवला आणि मॉस्कोनं तो मान्यही केला. शेकडो वर्षं एकसंध असलेला देश असा कापला गेला. तो काही शत्रुदेश नव्हता. १९१० पासून जपानची वसाहत होता, म्हणजे खरं तर सुटका व्हायची होती ती त्याचीच.

मला विचाराल तर युद्धाची मुळं या रेषेपेक्षाही खोल आहेत. ती बघायला सोलमधल्या सोदेमुन कारागृहात जावं. १९०८ साली जपानच्या वर्चस्वाखाली उघडलेलं हे लाल विटांचं तुरुंग आज संग्रहालय आहे. एका खोलीच्या चारही भिंती कैद्यांच्या नोंदपत्रांनी भरलेल्या आहेत. प्रत्येक पत्रावर फोटो आणि खाली नाव. शाळकरी वयाच्या मुली, शेतकरी, छापखान्यातले कामगार. एका चेहऱ्यावर सूज स्पष्ट दिसते. त्या खोलीत मी बराच वेळ उभा होतो आणि डोक्यात एकच प्रश्न होता, या माणसांना पकडून आणणारे कोरियन पोलीस १९४५ नंतर कुठे गेले?

ते कुठेच गेले नाहीत. दक्षिणेत अमेरिकी लष्करी राजवट आली. गावोगावी लोकांनी स्वतःच्या समित्या उभारल्या होत्या, यो उन-ह्यंग या नेत्याच्या पुढाकारानं ६ सप्टेंबर १९४५ ला लोकप्रजासत्ताकाची घोषणाही झाली होती. अमेरिकेनं त्याला मान्यता दिली नाही. कारभार चालवायला तिनं जपान्यांच्या हाताखाली तयार झालेलं पोलीसदल तसंच ठेवलं आणि वरच्या जागांवर बहुतेक तेच अधिकारी राहिले. सोदेमुनचं तुरुंगही १९८७ पर्यंत तुरुंगच होतं. ज्यानं कालपर्यंत बापाला झोडपलं तोच हवालदार स्वातंत्र्यानंतर धान्याची लेव्ही वसूल करायला दारात उभा राहिला, तर माणूस काय करेल? १९४६ च्या शरद ऋतूत देगू शहरापासून दक्षिणभर उठाव पेटले ते यातूनच.

दुसरं मूळ जमिनीचं. कोरियातले बहुसंख्य शेतकरी कुळं होते, पिकाचा मोठा वाटा खंडात जायचा. उत्तरेनं मार्च १९४६ मध्ये जमीनदारांची जमीन मोबदल्याविना काढून कसणाऱ्यांना वाटली. जमीनदार आणि त्यांची मुलं दक्षिणेत पळून आली, मनात सूड घेऊन. त्यातल्या तरुणांची 'वायव्य युवक संघ' नावाची संघटना झाली आणि तिला पोलिसांच्या मदतीला पाठवण्यात आलं ते जेजू बेटावर.

जेजू आज मधुचंद्राचं बेट आहे. संत्र्यांच्या बागा, काळा लाव्हा, निळा समुद्र. १ मार्च १९४७ ला तिथं पोलिसांनी जमावावर गोळी झाडली, सहा माणसं मेली. ३ एप्रिल १९४८ ला डाव्या बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. त्यानंतर जे दमन झालं त्यात २५ ते ३० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे. बेटावरच्या दर दहा माणसांमागे एक. बुकचोन गावात जानेवारी १९४९ मध्ये तीनशेहून जास्त लोकांना मारलं. तिथल्या स्मारकाजवळ गवतात लहान मुलांच्या कबरी आहेत, भोवती काळ्या दगडांचं कडं, लांबी जेमतेम माझ्या हाताएवढी. उतरताना ज्या विमानतळाचं मी कौतुक केलं होतं, त्याच्या धावपट्टीलगत खणून २००७ नंतर शेकडो सांगाडे बाहेर काढले गेले. यातलं बहुतेक २५ जून १९५० च्या आधीचं. मारणारे आणि मरणारे दोघेही दक्षिणेतच होते.

पुढचं वेगानं घडलं. मे १९४८ मध्ये फक्त दक्षिणेत निवडणूक झाली. आधी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले भारतीय मुत्सद्दी के. पी. एस. मेनन होते. फाळणी टाळायला वृद्ध नेते किम गू स्वतः प्योंगयांगला जाऊन आले, जून १९४९ मध्ये त्यांना गोळी घातली गेली. यो उन-ह्यंग तर १९४७ मध्येच मारले गेले होते. मधली माणसं अशी संपली आणि उरली दोन सरकारं, दोघांचाही दावा अख्ख्या कोरियावर. १९४९ भर सीमेवर चकमकी होत राहिल्या. चीनच्या यादवीत लढून तयार झालेले कोरियन सैनिक उत्तरेत परतले आणि किम इल-सुंगचं पारडं जड झालं. तिकडे दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री उत्तरेवर चाल करण्याची भाषा करतच होते.

सीमेजवळच्या इमजिनगाकला गोळ्यांनी चाळण झालेलं इंजिन ठेवलंय. तिथून जवळच्याच निर्लष्करी पट्ट्यात १९५३ साली भारतीय जवान उतरले होते, मायदेशी जायला नकार देणारे कैदी सांभाळायला. त्यांचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. री यांनी भारतीयांना दक्षिणेच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरनं तळावर नेलं गेलं. ते कैदी बावीस हजारांवर होते. शेवटी ८८ जणांनी कुठल्याच बाजूला जायचं नाकारलं आणि ते थोरातांच्या फौजेबरोबर भारतात आले. त्यातले बहुतेक कोरियन होते आणि त्यांना दोन्हींपैकी एकही कोरिया नको होता.