केनियातले पहिले दहा दिवस: नागपूरहून सेवेला निघणाऱ्यांसाठी

मंडळीने, म्हणजे आपल्या चर्चने, प्रार्थना करून निरोप दिला की वाटतं, उतरल्या दिवसापासून कामाला लागायचं. असं करू नका. पहिले दहा दिवस ऐकायचे, शिकायचे आणि तब्येत सांभाळायची. या दिवसांत केलेली घाई पुढचा सगळा मुक्काम निस्तरावी लागते.

तयारी मात्र नागपुरातच पुरी व्हायला हवी, आणि तिची सुरुवात पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीपासून होते. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया या लसीचं प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून पुष्कळ जण लस टाळतात. प्रमाणपत्र मागितलं जातं ते परतताना, आपल्याच विमानतळावर. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लसीचं संरक्षण मिळायला आणि प्रमाणपत्र लागू व्हायला 10 दिवस लागतात, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

2024 पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. तिच्यात येण्याचं कारण खरं लिहा. शिकवायला, प्रवचन करायला जायचं आणि अर्जात ‘पर्यटन’ लिहायचं, हे सुवार्तेच्या कामाला शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. धार्मिक कामासाठी वेगळा परवाना असतो. त्याचा पाठपुरावा तिथल्या मंडळीमार्फतच करावा लागतो, म्हणून काही महिने आधी लागा.

बॅगेत स्वेटर हवाच. आफ्रिका म्हणजे ऊन, हा समज नैरोबीत पहिल्याच रात्री जातो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे आणि जुलैत रात्री पारा 11-12 अंशांपर्यंत उतरतो. आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही. तीन चपट्या पिनांचा ॲडॉप्टर बर्डीवरच घेऊन ठेवा. संत्री प्रेमाने न्यावीशी वाटतील, पण परवानगीशिवाय ताजी फळं नेता येत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून कडक बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत बांधा.

आता घड्याळाचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. उपासना ‘तातू’ला आहे असं कोणी म्हणालं आणि तुम्ही दुपारी तीनला पोहोचलात, तर मंडळी केव्हाच घरी गेलेली असते. उपाय सोपा आहे. तासकाटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. काटा नवावर असेल तर समोर तीन, दहावर असेल तर समोर चार. आपल्याला हे परकं वाटायला नको, कारण आपली ‘दुपार’ सूर्योदयापासूनच्या दोन प्रहरांवरूनच आली आहे. तरीही वेळ ठरवताना ‘इंग्रजी की स्वाहिली?’ हे प्रत्येक वेळी विचारा. इंग्रजीत बोलताना बहुतेक लोक नेहमीचीच वेळ सांगतात. घोळ होतो तो भाषांतरात.

अभिवादन न करता कामाचं बोलणं उद्धटपणाचं मानतात. ‘हाबारी?’ (कसं काय?) म्हटलं की ‘न्झुरी’ (छान). मंडळीत ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो, त्यावर ‘आमेन’. किनाऱ्याकडे आणि टांझानियात वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणतात. त्याचं मूळ ‘तुमचे पाय धरतो’ असं सांगतात. पाया पडणाऱ्या आपल्या माणसांना हा शब्द शिकायला वेळ लागू नये. रोज दहा शब्द वहीत लिहा, संध्याकाळी यजमानांना म्हणून दाखवा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, मराठी शिकले, गोंडांची गीतं टिपून ठेवली. ज्यांच्यात राहायचं त्यांचं आधी ऐकून घ्यायचं, हा धडा आपल्याच गावात पडलेला आहे.

जेवणात उगाली असतो. उकळत्या पाण्यात पांढऱ्या मक्याचं पीठ घालून लाकडी उलथण्याने घोटतात, भांड्याच्या कडा सोडेपर्यंत. उजव्या हाताने लिंबाएवढा तुकडा तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने मधे खळगा करायचा आणि त्यात पालेभाजी उचलायची. सावजीला सरावलेल्या जिभेला तो सपक लागेल. चटणीची पुडी न्या, पण पहिल्या पंगतीत काढू नका. यजमानीणबाईंनी जे वाढलं ते तसंच खा.

प्रवचनाला दुभाषी असेल तर 20 मिनिटांचं बोलणं 40 मिनिटांवर जातं, म्हणून मजकूर निम्मा करा. वाक्य छोटं पण पूर्ण असावं. अर्ध्यावर थांबलात तर दुभाष्याला क्रियापद मिळत नाही, कारण मराठीत ते शेवटी येतं. शास्त्रपाठाचे संदर्भ त्याला आदल्या दिवशी द्या.

पैसे कोणा एकाच्या हातात देऊ नका, कळकळ कितीही दाटली तरी. एकाला दिले की शेजारचा दुखावतो, आणि पाळकांना तुमच्यामागे ते निस्तरत बसावं लागतं. मदत मंडळीच्या खजिनदारांमार्फत, पावती घेऊन करा. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका.

पाणी उकळलेलं किंवा सीलबंदच प्या. जुलाब लागले तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मलेरियाचा धोका नैरोबीत कमी, व्हिक्टोरिया सरोवराकडे आणि किनाऱ्यावर बराच जास्त. प्रतिबंधक गोळी डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती परतल्यावरही 4 आठवडे घ्यायची असते, आणि नेमकी तीच घरी आल्यावर बंद केली जाते. डास चावल्यापासून साधारण 7 दिवसांच्या आत मलेरियाचा ताप येत नाही. त्यानंतर केव्हाही ताप आला, अगदी नागपुरात परतून दोन महिने झाले असले तरी, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना ‘केनियाहून आलोय’ हे आपणहून सांगा.