जर्मन मंडळातली मुलं स्पर्धेला का जात नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभेत विचारता, शिक्षकांच्या खोलीत विचारता, फोन करूनही विचारता. "मॅडम, बाकीची मंडळं कप आणतात, जर्मन मंडळ कुठे दिसतच नाही." दरवेळी मी "वेळ जमत नाही" म्हणून सुटका करून घेतली. ते खोटं होतं. मुलांना न पाठवण्याचा निर्णय माझा आहे आणि सहा वर्षं मी तो कुणालाही नीट समजावून सांगितलेला नाही.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर तासभर काय चालतं, ते तुम्हाला माहीत आहे. पत्ते, फासे, दहा मिनिटं फक्त जर्मन, मग गोंधळ. सांगायची आहे ती नववीतल्या एका मुलीची गोष्ट.

ती कोपऱ्यात बसायची आणि फारशी बोलायची नाही. त्या दिवशी मी 'वाइल', म्हणजे 'कारण', शिकवत होते. जर्मनमध्ये साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. 'इश बिन म्यूड', मी आहे दमलेली. ही सवय लावायला आम्हाला दोन महिने लागले होते. आणि आता मी सांगत होते की 'वाइल' आलं की क्रियापद उचलून शेवटी टाकायचं. मुलं वैतागली. ही मात्र उठून फळ्याशी आली. तिनं लिहिलं, 'वाइल इश म्यूड बिन', आणि प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली एकेक मराठी शब्द मांडला: 'कारण मी दमलेली आहे'. चाराखाली चार. मग वळून म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्यासारखंच आहे!"

त्यानंतर वर्गात जे झालं त्याला मी मंडळ म्हणते. कुणीतरी विचारलं, मग 'मेटशन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी? मी सांगितलं, शेवटी '-शन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. मागून एक मुलगा म्हणाला, "आपणही 'ते पोरगं' म्हणतोच की." तास संपून गेला, तरी कुणी उठेना.

आणि मी काय केलं? त्या मुलीला वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं.

भाषण मी लिहिलं. चार मिनिटांचं, तिला स्वतःला रचता आली नसती अशा लांब वाक्यांचं. तीन आठवडे मधल्या सुट्टीत तिला उभं करून म्हणून घेतलं. 'म्यूड'मधल्या स्वरासाठी ओठ 'उ'सारखे गोल करायचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवायची, हे आरशासमोर घोटून घेतलं. त्या तीन आठवड्यांत तिनं गुरुवारी एकही प्रश्न विचारला नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, पोरगी एकाग्र झाली आहे.

स्पर्धेत तिनं एक अक्षर चुकवलं नाही. टाळ्या झाल्या. मग परीक्षक बाई पुढे झुकल्या आणि हसून, अगदी सावकाश, म्हणाल्या, "ऊंड वास माख्स्ट डू गेर्न?" आणि तुला काय करायला आवडतं? हे मंडळात दुसऱ्याच महिन्यात येऊन जातं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल म्हणून. तिनं श्वास घेतला आणि भाषण पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं. तीन वाक्यं झाल्यावर बाईंनी हळूच "डांकं" म्हणून तिला थांबवलं.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, मला प्रश्न कळला होता. पण त्याचं उत्तर तुमच्या भाषणात नव्हतं."

पुढच्या सत्रात तिनं मंडळ सोडलं. कारण विचारायचं धाडस मला झालं नाही.

"मोजमापच नसेल तर मुलं शिकली हे कळणार कसं?" असं माझे एक सहकारी विचारतात. मोजमाप आहे की. भाषेच्या पातळ्यांची युरोपीय चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली. ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या. त्यातल्या अगदी पहिल्या पातळीवर अपेक्षा एवढीच की समोरचा माणूस सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल, तर साधा संवाद साधता यावा. त्या बाई नेमक्या तशाच बोलल्या होत्या. त्या मुलीला ते येत होतं. ते तिच्याकडून मी काढून घेतलं होतं.

पण सहकाऱ्यांचा दुसरा मुद्दा मला खोडता येत नाही. २००३ पासून शाळकरी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड होतं. त्यात अनोळखी भाषेतली काही वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात आणि त्यावरून भाषेचे नियम मुलांनी स्वतः शोधायचे असतात. म्हणजे त्या मुलीनं फळ्यावर केलं तेच. तीही स्पर्धाच आहे. मग दोष स्पर्धेचा, की माझा?

सहा वर्षांपूर्वीची मी असते तर भांडलीच असती. म्हणाली असती, पहिला कप आला म्हणून तर मंडळाला स्वतंत्र खोली मिळाली. ज्याच्या तोंडून वर्गात शब्द फुटत नव्हता, असा एक मुलगा पाठ केलेल्या भाषणामुळेच मंचावर उभा राहिला आणि नंतर खरंच बोलायला लागला. हे दोन्ही खरं आहे. स्पर्धा बंद केल्यावर एकतीस मुलांची बारा झाली, हेही खरं. उरलेली बारा बडबड करतात, चुका करतात, भांडतात. मला ती आवडतात. पण गेलेल्या एकोणीस जणांत कोण होतं, काय घडू शकलं असतं, याचा हिशोब माझ्याकडे नाही.

गेल्या गुरुवारी आठवीतला एक मुलगा तास संपल्यावर थांबला. "मॅडम, मला स्पर्धेला जायचंय. भाषण मीच लिहिलंय." वहीचं एक पान, खाडाखोड केलेलं. दोन ठिकाणी 'वाइल'नंतर क्रियापद चुकीच्या जागी आहे. मी अजून लाल पेन लावलेलं नाही आणि त्याला होही म्हटलेलं नाही. पान माझ्या पिशवीत आहे. अर्जाची मुदत सोमवारी संपते.